कपाटातील ती एक फाईल

एप्रिल २०२१ मधील दिल्ली आठवली की प्राणवायूच्या टाक्यांसाठी लागलेल्या रांगा डोळ्यांसमोर उभ्या राहतात. त्या रांगा ओसरल्यावर अनेक घरांतून एक निराळाच शोध सुरू झाला. खाते कोणत्या शाखेत, विम्याचा हप्ता कोठून जात होता, लॉकरची किल्ली कोठे ठेवलेली, हे ज्यास ठाऊक होते तो कर्ता माणूसच उरला नव्हता.

राष्ट्रीय राजधानी क्षेत्रात हा शोध अधिकच किचकट होतो. नोएडा उत्तर प्रदेशात, गुरुग्राम हरियाणात आणि नोकरी बहुधा दिल्लीत. मेट्रोतील प्रवाशास राज्याची सीमा जाणवत नाही. कागदपत्रांना ती जाणवते. जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम, १९६९ नुसार मृत्यूची नोंद जेथे मृत्यू घडला तेथेच होते. नोएडातील गृहस्थाचे निधन गुरुग्रामच्या रुग्णालयात झाल्यास दाखला हरियाणातून घ्यावा लागतो. दिल्लीत हयात कुटुंबीयांची नावे दाखविणारे ‘सर्व्हायव्हिंग मेंबर सर्टिफिकेट’ महसूल विभाग देतो. सीमेपलीकडे कार्यालय बदलते आणि रीतही. त्यातून कुटुंब मराठी असेल तर आणखी एक पदर. पहाडगंजच्या नूतन मराठी शाळेत शिकलेल्या पिढ्या दिल्लीकर झाल्या खऱ्या, पण गावच्या सातबाऱ्यावरील नाव आणि पुण्याच्या पोस्टातील जुने खाते तिकडेच राहिलेले असते. बदल्यांच्या नोकरीत तर प्रत्येक शहरागणिक एक खाते मागे पडते.

नामनिर्देशन केले की सारे मिटले, हा समज मात्र तपासून पाहावा असा आहे. ‘कालनिर्णय’ दिनदर्शिकेचे संस्थापक जयंतराव साळगावकर यांनी २०११ मध्ये मृत्युपत्र केले होते. काही मुदत ठेवी व म्युच्युअल फंडांस नॉमिनीही नेमलेले होते. २०१३ मध्ये त्यांचे निधन झाले. पुढे नॉमिनी हाच मालक काय, हा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयातून दिल्लीस सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचला. १४ डिसेंबर २०२३ च्या निकालाने स्पष्ट केले, की कंपनी कायद्याखालील नामनिर्देशनाने रोख्यांची मालकी नॉमिनीकडे जात नाही. ती मृत्युपत्राने अथवा वारसा कायद्याने ठरते. बँकेतील ठेवींविषयी याच न्यायालयाने २०१० मध्ये असाच निर्णय दिला होता. नॉमिनीस रक्कम दिली की बँकेची जबाबदारी संपते, नॉमिनीची संपत नाही. त्याने ती वारसांसाठी विश्वस्त या नात्याने स्वीकारलेली असते. मृत्युपत्र व नॉमिनी दोन्ही असलेल्या घराचा प्रश्नही दहा वर्षांनी सुटला, हे ध्यानात घेण्याजोगे आहे.

मृत्युपत्र साध्या कागदावर होऊ शकते. त्यास मुद्रांक लागत नाही, नोंदणी ऐच्छिक आहे. दोन साक्षीदारांच्या स्वाक्षऱ्या मात्र आवश्यक.

नॉमिनीची नावेही एकदा पाहून घ्यावीत. अविवाहित असताना उघडलेल्या खात्यावर आईचे नाव घातलेले असते. आई जाते, संसार वाढतो, नाव तसेच राहते. १ नोव्हेंबर २०२५ पासून ठेवींसाठी चार जणांपर्यंत नामनिर्देशन करता येते, तेही प्रत्येकाचा हिस्सा ठरवून किंवा एकामागून एक अशा क्रमाने. लॉकरसाठी केवळ क्रमानेच.

आता फाईलविषयी. खात्यांची व ठेवींची यादी, विमा पॉलिसी, कर्जे, कोणाला दिलेली जामिनकी, मृत्युपत्र कोठे आहे त्याची नोंद, इतके तिच्यात हवेच. देणी लिहिण्यास माणसे कचरतात, वास्तविक घरच्यांना प्रथम तीच कळायला हवीत. पासबुकातील बारीक नोंदीही पाहाव्यात. वर्षातून एकदा ४३६ रुपये वजा होत असतील तर ती बहुधा प्रधानमंत्री जीवन ज्योती विमा योजनेची वर्गणी असते आणि तिच्यामागे दोन लाखांचे विमासंरक्षण असते. दावा कोणी केलाच नाही, तर ते कागदावरच राहते. पासवर्ड आणि पिन या फाईलमध्ये लिहू नयेत. मृत व्यक्तीच्या एटीएम कार्डाने किंवा मोबाईलवरून पैसे काढणे हा घरोघरी सुचणारा सोपा मार्ग, पण तो नियमबाह्य आहे आणि वारसांत तंटा उपजविणारा आहे. बँकेस लगेच कळवावे. रिझर्व्ह बँकेच्या २०२५ च्या निर्देशांनुसार आवश्यक कागदपत्रे पूर्ण मिळाल्यापासून पंधरा दिवसांत ठेवींचा दावा निकाली काढणे बँकांवर बंधनकारक आहे. विलंब होतो तो पुष्कळदा कागद जमविण्यात.

फाईल कोठे आहे हे घरातील निदान दोघांना ठाऊक असावे. पत्नीस ‘तुला काय करायचंय’ असे सांगण्याचा प्रघात अद्याप सर्वत्र मोडलेला नाही.

ज्या घरी अशी फाईल नव्हती त्यांचे पैसे बुडाले असे समजण्याचे कारण नाही. दहा वर्षे व्यवहार न झालेल्या ठेवी २०१४ मध्ये स्थापन झालेल्या रिझर्व्ह बँकेच्या निधीत वर्ग होतात, तरी वारसांचा हक्क कायम राहतो. २०२३ मध्ये सुरू झालेल्या ‘उद्गम’ या संकेतस्थळावर खातेदाराचे नाव व पॅन अथवा जन्मतारीख यांसारखा तपशील देऊन अनेक बँकांतील ठेवी एकाच जागी शोधता येतात. त्यासाठी शुल्क नाही. रकमेची मागणी मात्र संबंधित बँकेकडेच करावी लागते.