सीमारेषेचा रंग : ब्राउझरवरील खानदेशचा नकाशा

बोलींच्या अभ्यासकाला नकाशाची गरज वारंवार भासते. असा नकाशा आज संगणकाच्या ब्राउझरमध्येही रेखाटता येतो. तेथे आकृतीच्या बाह्यरेषेला रंग कसा दिला जातो आणि त्या रंगातून कोणता अर्थ व्यक्त होतो, हे आपण खानदेशच्या उदाहरणाने समजून घेऊ.

हे उदाहरण सहेतुक निवडले आहे. १९०६ साली खानदेश जिल्ह्याचे पूर्व व पश्चिम असे दोन जिल्हे करण्यात आले. पुढे तेच जळगाव व धुळे या नावांनी ओळखले जाऊ लागले. १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून नंदुरबार जिल्हा वेगळा झाला. भूमी तीच राहिली. तिच्यावरील रेषा मात्र बदलत गेल्या.

भराव आणि बाह्यरेषा

ब्राउझरमध्ये आकृती काढण्याच्या दोन पद्धती विशेष रूढ आहेत : कॅनव्हास आणि एसव्हीजी. दोन्हींत आकृतीच्या आतील रंगास ‘फिल’ आणि बाह्यरेषेस ‘स्ट्रोक’ म्हणतात. कॅनव्हासमध्ये ‘स्ट्रोकस्टाइल’ या गुणधर्मात रंग नोंदवावा लागतो व त्यानंतर रेषा उमटवण्याची आज्ञा द्यावी लागते. रंग नोंदवला नाही, तर रेषा काळी उमटते. एकदा नोंदवलेला रंग बदलेपर्यंत कायम राहतो; चित्रकाराने कुंचला न धुता पुढचे चित्र काढावे, तसे हे घडते. एसव्हीजीमध्ये मात्र प्रत्येक आकृती आपला रंग स्वतःजवळ बाळगते. तेथे काहीच सांगितले नाही, तर आकृती आतून काळी भरली जाते आणि तिला बाह्यरेषा नसते.

नेहमी होणाऱ्या दोन चुका

समजा, आपण कॅनव्हासवर धुळे जिल्हा निळ्या आणि त्यानंतर जळगाव जिल्हा लाल रेषेने काढला. दुसऱ्या जिल्ह्यापूर्वी नवा मार्ग सुरू करण्याची आज्ञा द्यायला विसरलो, तर जुना मार्गही पुन्हा रेखाटला जातो आणि दोन्ही जिल्हे लाल दिसतात. ही पहिली चूक होय.

दुसरी चूक अधिक सूक्ष्म आहे आणि ती दोन्ही पद्धतींत संभवते. बाह्यरेषा आकृतीच्या कडेवर मधोमध बसते : रेषेची जाडी ४ पिक्सेल असेल, तर २ पिक्सेल आत व २ बाहेर. अमळनेर व पारोळा हे जळगावचे तालुके जेथे धुळे जिल्ह्याला भिडतात, तेथे दोन्ही रेषा एकाच जागी येतात आणि नंतर काढलेली रेषा आधीची झाकून टाकते. सामाईक सीमा लाल, म्हणजे जणू केवळ जळगावची, दिसू लागते. वाचकाला तो विचारपूर्वक केलेला निर्णय वाटतो. प्रत्यक्षात तो केवळ आज्ञांच्या क्रमाचा परिणाम असतो.

यावर उपाय सोपा आहे. आधी सर्व जिल्ह्यांचे भराव द्यावेत. नंतर सामाईक सीमा स्वतंत्र मार्ग म्हणून करड्यासारख्या तटस्थ रंगात एकदाच काढावी.

रेषा कोठे काढू नये

बोलीच्या नकाशात आणखी एक विवेक हवा. अहिराणी धुळे, नंदुरबार व जळगाव जिल्ह्यांत बोलली जाते, तशीच नाशिक जिल्ह्यातील बागलाण, मालेगाव या भागांतही बोलली जाते. उलट, जळगावच्या पूर्वेकडील यावल, रावेर परिसरात लेवागणबोली आढळते. जिल्ह्याची ठळक, अखंड रेषाच बोलीची सीमा म्हणून वापरली, तर कासार्‍याच्या मोजपट्टीने नदीचे पाणी मोजल्यासारखे होईल. बोलीसाठी तुटक रेषा घ्यावी, किंवा बाह्यरेषा न देता फिकट भराव द्यावा. दोन्ही सोयी उपरोक्त पद्धतींत उपलब्ध आहेत.

शिवाय भेद केवळ रंगावर सोपवू नये. लाल व हिरवा हे रंग काही वाचकांना वेगळे ओळखता येत नाहीत. कृष्णधवल छायाप्रतीत तर ते सर्वांनाच जवळजवळ सारखे करडे दिसतात. म्हणून रंगासोबत रेषेची जाडी वा तुटकपणाही बदलावा.

सारांश, बाह्यरेषेचा रंग हा नकाशातील अलंकार नसून ते एक विधान आहे. ते आपण जाणीवपूर्वक करावे. यंत्राच्या क्रमावर सोडू नये.

स्वयंअध्ययनासाठी प्रश्न : आपल्या तालुक्यातील बोलीचा नकाशा काढताना कोणती सीमा अखंड व कोणती तुटक रेषेने दाखवाल? कारणे द्या.