गाडी आली नाहीं त्या दिवशीं

२६ जुलै २००५ रोजीं सांताक्रूझ येथें चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. गटारें तुंबण्याच्या कारणांत प्लॅस्टिकच्या पिशव्याही निघाल्या. त्या आपल्याच घरांतून गेल्या होत्या. मुसळधार पावसांत आजही अंधेरीचा भुयारी मार्ग पाण्याखालीं जातो. अशा दिवशीं कचऱ्याची गाडी वेळेवर यावी कशी?

तोंवर कचरा सडूं न देणें आपल्या हातीं आहे. ओल्यांत सुकें मिसळलें कीं दोन्ही वायां जातें. भाजीचे देठ, फळांच्या साली भोकें पाडलेल्या कुंडींत वाळल्या पानांच्या थरांत घालाव्या. हवा खेळती राहिली कीं दुर्गंधी सुटत नाहीं, आणि दोन-तीन महिन्यांत खत होतें. कोरडा कागद व धुतलेले डबे रद्दीवाला येईपर्यंत खुशाल थांबतात. पिशवी मात्र नाल्यांत भिरकावूं नये. भरतीच्या वेळीं नाला तुंबला कीं ती आपल्याच दारीं परत येते.