जलचक्रात बोरगाव कोठे?

स्मरणिकेसाठी लेख मागितला गेला की आपण बहुधा एखाद्या आजाराकडे वळतो. मीही वळणारच आहे, परंतु थोड्या आडवाटेने.

बोरगावची एक सातवीतील मुलगी, धाकट्या भावास जुलाब झाले म्हणून आईसोबत दवाखान्यात आली होती. हातात विज्ञानाची वही होती. तिने विचारले, "डॉक्टरसाहेब, जलचक्राच्या चित्रात समुद्र आहे, पहाड आहे. आपलं बोरगाव त्यात कुठी आहे?"

मी सांगितले की, समुद्रावरून उठलेली वाफ हवेत सरासरी नऊ-दहा दिवस राहते आणि पाऊस होऊन उतरते. आपल्या शिवारातील पाणी नाल्यांतून कन्हानला, तेथून वैनगंगा, प्राणहिता व गोदावरीमार्गे बंगालच्या उपसागरास मिळते. तिने ते लिहून घेतले, पण समाधान झालेले दिसले नाही.

पुढचे तिने कोणी न सांगता केले. वडिलांच्या संत्र्याच्या बागेत पानांनी भरलेल्या एका फांदीवर पारदर्शक प्लास्टिकची पिशवी सकाळी घट्ट बांधली, तुलनेसाठी दुसरी पिशवी वाळलेल्या फांदीवर. संध्याकाळी जमलेले पाणी तिने औषधाच्या बाटलीच्या खुणा असलेल्या टोपणाने मोजले. हे टोपण माझ्याकडूनच नेलेले! पहिल्या पिशवीत पाणी होते, दुसरी जवळपास कोरडी. रात्री बांधलेल्या पिशवीत फारच थोडे पाणी मिळाले, कारण पानांवरील सूक्ष्म रंध्रे अंधारात बहुतांशी मिटतात. म्हणजे समुद्र दूर असला तरी बोरगावची बागही आकाशाला पाणी देते. उन्हात पिशवी तापून पाने करपली, तेव्हा या मोजमापावर पूर्ण विसंबता येणार नाही, हेही तिने लिहिले. स्वतःची चूक लिहून ठेवणारे मूल मला फार मोलाचे वाटते.

शाळेबाहेरील एका प्रदर्शनात परीक्षकांनी मात्र तिला विचारले, "थर्माकोलचा पहाड कोठे आहे?" खेद वाटला. आपल्याच मध्य प्रदेशात 1972 साली होशंगाबाद जिल्ह्यातील 16 माध्यमिक शाळांतून, मुलांनी स्वतः प्रयोग करून विज्ञान शिकावे, असा कार्यक्रम सुरू झाला होता. तो तीस वर्षे चालला आणि 2002 मध्ये शासनाने बंद केला.

तिचा शेवटचा प्रश्न आपल्या व्यवसायाचा होता. वाफ होताना मळ खालीच राहतो, म्हणून पाऊस शुद्ध. मग पहिल्या पावसानंतरच जुलाबाची मुले का वाढतात? पाठ्यपुस्तकातील बाण येथे अपुरा पडतो. उघड्यावरील मैला व उकिरडा यांवरून वाहणारे पाणी विहिरीत उतरते. मातीच्या जाड थरातून सावकाश झिरपले तर ते बरेचसे गाळले जाते. परंतु खडकाच्या भेगांतून किंवा कठडा नसलेल्या विहिरीच्या काठावरून ते थेट आत शिरते. तान्ह्या बाळाच्या वजनाचा सुमारे 70 टक्के भाग पाण्याचा असतो आणि वजनाच्या मानाने त्याची पाण्याची रोजची उलाढाल प्रौढाहून कितीतरी अधिक असते. म्हणून दोन-चार जुलाबांतच त्याचे डोळे खोल जातात. आपण जलसंजीवनी देतो, झिंक देतो, पाणी उकळून पाजण्यास सांगतो. पण ते पाणी कोणत्या विहिरीचे, हे किती वेळा विचारतो? मी तरी नियमाने विचारीत नव्हतो.

आता माझ्या नोंदवहीत त्यासाठी एक रकाना आहे. नावे झाकून मी तिला आठवड्यागणिक आकडे देतो. ती शेजारी पावसाची नोंद करते. विहिरीच्या पाण्याची खोली मोजण्यास तिने दोरीला हातहातभर अंतरावर गाठी मारल्या आहेत. चित्रही नवे काढले आहे. त्यात समुद्र कोपऱ्यात गेला असून मधोमध विहीर, बाग आणि माझा दवाखाना आहे. दवाखान्याकडे जाणारा बाण तिने लाल रंगाने काढला आहे.