एक्स-रेतून गेलेल्या ओव्या

मागच्या डिसेंबरात एका परिसंवादासाठी दिल्लीला जायचं ठरलं आणि घरात वाद सुरू झाला. वाद विमानाबद्दल नव्हता, माझ्या हार्ड डिस्कबद्दल होता. खानापूर तालुक्यातल्या म्हाताऱ्या बायकांकडून रेकॉर्ड केलेल्या जात्यावरच्या ओव्या तिच्यात आहेत. त्यातल्या दोघी आता नाहीत. पप्पांचं ठाम मत, "मशीनमधून घातलीस की सगळं पुसलं जाणार बघ." त्यांच्या मित्राचे गल्फहून आणलेले फोटो म्हणे असेच धुरकट झाले होते.

पप्पांचं अगदीच चुकत नव्हतं. ते फोटो फिल्मच्या रोलवरचे होते. फिल्मवर चांदीच्या संयुगांचे बारीक कण असतात आणि ते जसे उजेडाला तसेच क्ष-किरणांनाही धरतात. १८९५ साली राँटगेननं पत्नीच्या हाताची हाडं टिपली, तीही फोटोच्या काचेवरच. म्हणून न धुतलेला रोल आजही मशीनमधून घालायला लोक कचरतात, आणि चेक-इन बॅगेत तर तो ठेवूच नये, कारण तिथली यंत्रं जास्त जोरकस असतात.

हार्ड डिस्कचं तसं नाही. तिच्यातल्या तबकडीवर माहिती चुंबकीय खुणांच्या रूपात असते आणि क्ष-किरण हे चुंबक नव्हेत. पेन ड्राइव्ह, मेमरी कार्ड, एसएसडी यांत माहिती बारीक कप्प्यांत अडकवलेल्या विद्युतभाराच्या रूपात असते. तपासणीच्या मशीनमधले किरण तिथं काही बिघडवतील इतके नसतात. राहिली ती धातुशोधक चौकट. तिचं चुंबकीय क्षेत्र अगदी कमजोर. गंमत म्हणजे हार्ड डिस्कच्या पोटातच सुई हलवायला एक चांगला जोरदार चुंबक बसवलेला असतो. तो रोज शेजारी राहून काही पुसत नाही, मग चौकट काय पुसणार?

खरी भीती धक्क्याची. तबकडी फिरत असताना वाचणारी सुई तिच्यापासून इतक्या कमी अंतरावर तरंगते की मधल्या फटीपेक्षा आपला केस हजारो पटींनी जाड. त्या वेळी डिस्क आपटली तर तबकडीवर ओरखडा, आणि ओरखड्याखालचं गेलं ते गेलं. बंद असताना सुई बाजूला जाऊन बसते. म्हणून रांगेत उभं राहण्याआधीच डिस्क काढून ठेवा, आणि हार्ड डिस्कवाला जुना लॅपटॉप असेल तर तो पूर्ण शट डाऊन करा. एसएसडीत फिरणारं काही नसतंच.

चेक-इन बॅगेत मात्र डिस्क नको. तिथं बॅगा कशा फेकल्या जातात ते तुम्हीही खिडकीतून बघितलं असेल. बॅग हरवली तर आणखीनच. (पॉवर बँकही हातातल्याच बॅगेत. तो तर नियमच आहे.)

ट्रेमध्ये लॅपटॉप वेगळा काढावा लागतो, त्या घाईत लोक खिशातला पेन ड्राइव्हही तसाच ट्रेत टाकतात. आमच्या वर्गातल्या एकीचा तिथंच राहिला, अख्ख्या प्रकल्पासकट. लहान वस्तू चेन असलेल्या पाऊचमध्ये घालून पाऊच बॅगेत ठेवला की झालं. आणि डिस्कला पासवर्ड लावून माहिती एन्क्रिप्ट करा. सापडणाऱ्यानं उघडून बघू नये म्हणून. माझ्या रेकॉर्डिंगमध्ये ओव्यांच्या मधे बायका घरचं बरंच काही बोलून गेल्यात. ते त्यांनी माझ्याशी बोललंय, कुणाही परक्याशी नाही.

एवढं सगळं समजावूनही पप्पांचा चेहरा काही सैल झाला नाही. शेवटी जायच्या आदल्या रात्री बसून सगळं दुसऱ्या डिस्कवर उतरवलं. त्याला तीन तास लागले. खरं तर हे काम मी वर्षभर टाळत होते. दुसरी डिस्क मम्मीच्या कपाटात, रोझरीच्या डबीशेजारी ठेवली.

सांबऱ्याच्या विमानतळावर बॅग पट्ट्यावरून आत गेली. जवानानं ती उघडायला लावली, डिस्क हातात घेऊन विचारलं, "यात काय आहे?"

"आज्यांच्या ओव्या," मी म्हटलं.

त्यानं डिस्क परत पाऊचमध्ये घातली आणि चेनही स्वतःच लावली. दिल्लीत उतरल्यावर खोलीत जाऊन आधी लॅपटॉप उघडला. पहिल्याच फाइलमध्ये जात्याची घरघर ऐकू आली, आणि मग मी पप्पांना फोन लावला.