१०८ मेगापिक्सेलचा कॅमेरा, पण १०८ लागेना! वाडीतल्या घरासाठी फोन घेताना काय तपासाल?

रत्नागिरी : संध्याकाळचे साडेसात वाजले की राजापूर, लांजा, संगमेश्वर तालुक्यांतल्या कितीतरी वाड्यांवर तेच दृश्य दिसतं. कोणी टॉर्च घेऊन सड्यावर निघालेलं, कोणी पाखाडीच्या वरच्या पायरीवर बसलेलं, कोणी गडग्यावर चढून हात उंच धरलेला. मुंबईच्या मुलाचा फोन यायची वेळ असते. खाली घरात रेंज नाही. गणपतीत आलेला चाकरमानी जाताना आईवडिलांना पंधरा हजारांचा नवा फोन देऊन जातो, आणि आठवड्याने तोच विचारतो, "फोन लागत का नाही तुमचा?"

यात बऱ्याचदा टॉवरचा दोष असतो, हे खरंच. पण दरवेळी नाही. एकाच पडवीत, एकाच कंपनीचं सिम असलेल्या दोन फोनपैकी एक लागतो आणि एक लागत नाही, हे अनेकांनी बघितलेलं आहे. ते का होतं हे समजलं तर पुढचा फोन घेताना पैसे फुकट जाणार नाहीत.

आधी एक गोष्ट. आजचा साधा कॉलसुद्धा बहुतेक वेळा इंटरनेटच्याच पद्धतीने जातो. त्याला व्होल्टी म्हणतात, म्हणजे ४जीच्या लाटांवरून जाणारा आवाज. आपण बोलतो तेव्हा फोन आवाजाचे एका सेकंदात पन्नास तुकडे करतो आणि एकेक तुकडा पाठवत राहतो. पलीकडचा फोन ते जोडून ऐकवतो. मेसेज अर्धा मिनीट उशिरा पोचला तरी चालतो. आवाजाचा तुकडा उशिरा पोचला तर तो वायाच गेला, कारण बोलणं पुढे गेलेलं असतं. म्हणून एक कांडी रेंजवर व्हॉट्सॲपचा फोटो कसाबसा जातो, पण बोलणं मात्र "हॅलो... हॅलो..." वरच अडकतं.

इंटरनेटवरचे कॉल तीन प्रकारचे आहेत, आणि दुकानात जाण्याआधी आपल्या घराला कोणता लागणार ते ठरवायला हवं.

पहिला व्होल्टी. यात कंपनी आवाजाला राखीव जागा देते. गणपतीच्या दिवसांत कोकण रेल्वेत आरक्षण असलेला आणि जनरल डब्यातला, यांच्यात जो फरक, तोच इथे. व्होल्टीचा तुकडा आरक्षणवाला, व्हॉट्सॲपचा जनरलवाला. व्होल्टीला नेटपॅक लागत नाही, मोबाइल डेटा बंद असला तरी कॉल लागतो. जिओचं नेटवर्क २०१६ मध्ये सुरू झालं तेच ४जीवर. त्यांच्याकडे २जी, ३जी नाहीच. त्यामुळे व्होल्टी नसलेल्या फोनमध्ये जिओचं सिम टाकलं तर नेट चालेल, पण साधा कॉल लागणार नाही. एअरटेल किंवा व्हीआयच्या सिमवर असा फोन कॉलपुरता २जीवर उतरतो, आणि तेवढा वेळ नेट थांबतं.

दुसरा वायफाय कॉलिंग, ज्याला व्हो-वायफाय असंही म्हणतात. आपल्या भागासाठी हा सगळ्यात कामाचा, आणि सगळ्यात कमी लोकांना माहीत असलेला. घरात फायबरचं किंवा कुठलंही चालू वायफाय असेल तर टॉवरची रेंज शून्य असली तरी नेहमीच्या नंबरवरून, नेहमीच्या डायलरमधून कॉल करता येतो आणि घेता येतो. समोरच्याकडे साधा बटणांचा फोन असला तरी चालतं. वेगळं ॲप नको. पैसे नेहमीच्या रिचार्जमधूनच. एअरटेलने ही सोय २०१९ च्या डिसेंबरात आणि जिओने २०२० च्या जानेवारीत आणली. म्हणजे इतकी वर्षं झाली, तरी घरात फायबर असूनही माणसं अजून सड्यावर चढतायत.

तिसरा व्हॉट्सॲपचा कॉल. तो सगळ्यांना येतो. त्यावर मिनिटाला साधारण अर्धा ते एक एमबी डेटा जातो, व्हिडिओला त्याच्या कितीतरी पट. दोन्हीकडे ॲप आणि नेट हवं. आणि एक मोठी अडचण, जी लोकांना ऐनवेळीच कळते : व्हॉट्सॲपवरून १०८ किंवा ११२ लागत नाही. रात्री आंगणात फुरसं चावलं, कोणाच्या छातीत कळ आली, तर व्हॉट्सॲप फक्त मुंबईच्या मुलाला उठवू शकतं.

त्यामुळे घरात म्हातारी माणसं एकटी असतील तर "व्हॉट्सॲप चालतंय ना, मग झालं" असं म्हणून भागत नाही. वायफाय कॉलिंगवरून तीन आकडी नंबर लागेलच असंही धरून चालू नये. जवळच्या आरोग्य केंद्राचा, गावातल्या गाडीवाल्याचा आणि शेजाऱ्याचा पूर्ण दहा आकडी नंबर सेव्ह हवा. ११२ ची एक गंमत आहे. आपल्या कंपनीची रेंज नसली, पण स्क्रीनवर "फक्त इमर्जन्सी कॉल" असं दिसत असेल, तर दुसऱ्या कंपनीच्या टॉवरवरूनही ११२ लागू शकतो. हे घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवावं. बघूया लागतो का म्हणून मात्र डायल करू नये.

आता फोनकडे वळू. दुकानदार पहिल्यांदा कॅमेरा दाखवतो, मग ५जी, मग रंग. बोलण्यासाठी यातलं काहीच लागत नाही. आवाजाला ४जी पुरून उरतं. खोऱ्यातल्या वाडीत ४जीच धड येत नसेल, तर ५जीसाठी दोन-तीन हजार जास्त मोजण्यात हशील नाही. तेच पैसे दुसरीकडे लावावेत.

बघायचं ते बँड. मोबाइलच्या लाटा वेगवेगळ्या पट्ट्यांत येतात आणि प्रत्येक पट्टीला नंबर असतो. ७००, ८५० आणि ९०० मेगाहर्ट्झच्या लाटा लांब जातात, झाडीतून आणि भिंतीतून आत शिरतात. १८०० किंवा २३०० च्या लाटा वेग चांगला देतात, पण डोंगराआड लवकर दम तोडतात. जांभ्याच्या दीड फुटी भिंतीचं घर, वर कौलं, मागे डोंगर, भोवती आंबा-फणस, अशा माजघरात पोचली तर खालच्या पट्टीचीच लाट पोचते. या पट्ट्यांचे नंबर असे : ७०० म्हणजे बँड २८, ८५० म्हणजे बँड ५, ९०० म्हणजे बँड ८. वरच्यांत १, ३ आणि ४० असतात.

फोनमध्ये ज्या नंबरचा बँड नाही, ती लाट दारात आली तरी त्या फोनला दिसत नाही. एका पडवीतल्या दोन फोनची गोष्ट अनेकदा इथे उलगडते. बीएसएनएलने सप्टेंबर २०२५ मध्ये देशी बनावटीचं ४जी देशभर सुरू केलं, आणि त्यात ७०० ची पट्टी, म्हणजे बँड २८, महत्त्वाची आहे. काही स्वस्त आणि जुन्या फोनमध्ये नेमका हाच बँड नसतो. गावात बीएसएनएलचा नवा टॉवर असूनही फोन ३जीवरच दिसत असेल तर आधी फोनचे बँड तपासा, मग सिम. जुनं सिम ४जीचं नसेल तर ते बदलून घ्यावं लागतं. काही फोनला सॉफ्टवेअर अपडेट दिल्यावरच व्होल्टी सुरू होतं.

बँडची यादी खोक्यावर नसते बहुधा. कंपनीच्या वेबसाइटवर त्या मॉडेलच्या माहितीत "नेटवर्क" या भागात असते. मॉडेलचं नाव पूर्ण बघायचं, कारण एकाच नावाचा फोन वेगवेगळ्या देशांत वेगळ्या बँडसह विकला जातो. आखातातून किंवा अमेरिकेतून कोणी भेट आणलेला महागडा फोन इथे अडतो तो यामुळेच. दिसायला झकास, पण आपल्याकडच्या सिमवर व्होल्टी चालूच होत नाही, असे नमुने आहेत.

दुकानातच करायची एक परीक्षा आहे. आपलं सिम सोबत न्यायचं आणि दाखवायला ठेवलेल्या फोनमध्ये टाकायचं. कॉल लावल्यावर वर "व्होल्टी" किंवा "एचडी" असं चिन्ह राहतं का बघायचं. कॉल लागताच ४जी जाऊन २जीचं "ई" आलं, तर व्होल्टी चालू नाही. मग सेटिंगमध्ये वायफाय कॉलिंग चालू करायचं, फ्लाइट मोड लावायचा, आणि त्यावर फक्त वायफाय सुरू करायचं. आता टॉवरशी संबंध तुटला. अशा अवस्थेत घरी कॉल लावा. लागला, तर हा फोन आणि हे सिम मिळून तुमच्या बिनरेंजच्या घरात चालणार. नाही लागला, तर सिम टाकून थोडा वेळ थांबून पुन्हा बघा, आणि तरीही नाहीच लागला तर दुसरं मॉडेल मागा. दुकानदार कंटाळेल, पण पैसे आपले जातात.

जुना फोन घेणाऱ्यांनी आणखी एक करावं. डायलरवर *#०६# दाबलं की पंधरा आकडी आयएमईआय नंबर दिसतो. इंग्रजी कॅपिटलमध्ये केवायएम लिहून, एक जागा सोडून तो नंबर टाकून १४४२२ वर एसएमएस केला की फोन चोरीचा किंवा ब्लॉक केलेला आहे का ते कळतं. संचार साथीवरही बघता येतं.

रॅमबद्दल लोक गेम खेळणाऱ्यांचा विषय म्हणून दुर्लक्ष करतात. पण दोन जीबीच्या फोनमध्ये जागा कमी पडली की फोन मागे चाललेली ॲप बंद करतो. व्हॉट्सॲप असं बंद पडलं की समोरून कॉल येत राहतो आणि इकडे घंटीच वाजत नाही; नंतर उघडल्यावर "मिस्ड कॉल" दिसतो. चार जीबी तरी असावी, जमल्यास सहा. चार जीबी असूनही घंटी वाजत नसेल, तर फोन बॅटरी वाचवायला ॲप झोपवतोय. सेटिंगमध्ये व्हॉट्सॲपच्या बॅटरीपुढे "अनरिस्ट्रिक्टेड" निवडायचं. शाओमी, रिअलमी, विवो, ओप्पोच्या फोनमध्ये "ऑटोस्टार्ट"चा पर्याय सापडला तर तोही चालू करायचा. हे दोन मिनिटांचं काम चाकरमान्याने जाण्याआधी केलं तर निम्म्या तक्रारी संपतील.

म्हाताऱ्या माणसांसाठी आवाज मोठा हवा. दुकानाच्या आत नाही, रस्त्यावर एस.टी. जाताना कानाला लावून बघायचा. फोनच्या वरच्या कडेला दुसऱ्या माइकचं बारीक भोक असेल तर वाऱ्या-पावसाचा आवाज कमी होतो. हे भोक सिमची पिन घालून साफ करू नये. पुष्कळ माइक असे मेलेत. बॅटरी पाच हजार एमएएचची असावी, कारण रेंज कमी असली की फोन टॉवर शोधत बसतो आणि चार्जिंग खातो. ज्यांना फक्त बोलायचंय त्यांना बटणांचा ४जी फोनही पुरतो. जिओभारत २०२३ मध्ये ९९९ रुपयांना आला. त्यात सिम मात्र जिओचंच चालतं, त्यामुळे वाडीत जिओची रेंज नसेल तर तो घेऊ नये.

दापोली, खेड, रत्नागिरीतल्या अनेक घरांतली माणसं आखातात आहेत. दुबई, अबुधाबी, शारजा, म्हणजे यूएईत व्हॉट्सॲपचे कॉल तिथल्या नियमांमुळे चालत नाहीत. मेसेज जातो, कॉल जात नाही. तो फोनचा दोष नाही, त्यासाठी फोन बदलू नका. तिथे परवानगी असलेलं बोटिमसारखं ॲप दोन्हीकडे घ्यावं लागतं. अशा घरांनी ६४ जीबीपेक्षा जास्त जागा असलेला फोन घेतलेला बरा, कारण प्रत्येक नातेवाइकाचं ॲप वेगळं निघतं.

वायफायवर भिस्त ठेवायची तर राऊटरचाही विचार हवा. तो ओटीवर, उघड्या जागी ठेवावा. लोखंडी कपाटामागे नाही. राऊटरवर दोन नावं दिसत असतील तर लांबच्या खोलीत २.४ गिगाहर्ट्झचं नाव निवडा, ते भिंतीतून जास्त आत जातं. वीज गेली की राऊटरही गेला, आणि पावसात वीज किती जाते ते सांगायला नको. टॉवरची बॅटरीही काही तासांत उतरते. राऊटरला लावायचा छोटा यूपीएस बाजारात मिळतो. राऊटर १२ व्होल्टचा आहे का हे ॲडॉप्टरवर वाचून तसाच घ्यावा.

एकूण हिशेब मांडायचा तर असा : दहा-बारा हजारांच्या आसपासचा, बँड ५, ८ आणि २८ असलेला, व्होल्टी आणि वायफाय कॉलिंग दोन्ही चालणारा दोन सिमचा फोन, आणि त्यात दोन वेगळ्या कंपन्यांची सिम. दुसरं सिम कोणतं, ते जाहिरात बघून ठरवू नका. शेजारपाजारच्या चार जणांचे फोन माजघरात, चुलीपाशी आणि न्हाणीघराच्या दारात आणून कांड्या मोजा. रात्री अकरा वाजता माणूस तिथेच असणार आहे, सड्यावर नाही.