शेजारच्या बिऱ्हाडांतील टिपणें
डिलाईल रोडवरील आमच्या बिऱ्हाडीं एकाच संगणकांत विंडोज व लिनक्स असे दोन संसार नांदतात. गेल्या महिन्यांत आमच्याच चुकीनें लिनक्स सुरू होईना. आणि ४० वर्षांचीं व्याकरणाचीं टिपणें नेमकीं त्याच विभागांत! २००८ सालीं प्रचारांत आलेली तेथील 'एक्स्ट४' मांडणी विंडोजला स्वतःहून वाचतां येत नाहीं; उलट विभाग 'फॉरमॅट' करावयाचा काय, असें तें कित्येकदां विचारतें. वाचकांनीं तेथें 'होय' कदापि म्हणूं नये. सारें संचित हातचें जावयाचें. आम्ही 'टोटल कमांडर'ला 'डिस्कइंटर्नल्स रीडर' हें प्लगिन जोडलें. टिपणें दिसलीं, तीं इकडे उतरून घेतलीं. हें प्लगिन केवळ वाचतें, तिकडे कांहींच लिहीत नाहीं. परक्याच्या घरांत शिरतांना हाच विनय हवा.