परतीच्या दिवशी उतरलेली साखर

मागच्या वर्षी आम्ही चार वर्गमित्र पाच दिवस सिंगापूरला जाऊन आलो. तिथे काय पाहिले हे सांगणारे पुष्कळ आहेत. मला सांगायचे आहे ते फक्त शेवटच्या दिवसाचे.

चौघांपैकी एक मित्र बरीच वर्षे मधुमेही असून सकाळ-संध्याकाळ इन्सुलिन घेतो. चार दिवस त्याचे सगळे वेळेवर चालले. पाचव्या दिवशी दुपारी बाराला खोल्या सोडायच्या होत्या आणि विमान रात्री आठचे. सकाळी सातला त्याने नेहमीइतके इन्सुलिन टोचले. पण बॅगा भरण्याच्या गडबडीत न्याहारी झाली ती एक टोस्ट आणि चहा. इन्सुलिन, साखर मोजायचे यंत्र, सारे मोठ्या बॅगेत गेले आणि बॅगा हॉटेलात ठेवून आम्ही ‘लिटल इंडिया’ भागात मुस्तफा सेंटरला खरेदीला निघालो. ‘जेवण काय, नंतर होईल,’ असे म्हणणाऱ्यांत मीही होतो.

विषुववृत्त तिथून जेमतेम दीडशे किलोमीटर. दमट उकाडा, त्यात तीन तासांची पायपीट. चालण्याने साखर खर्च होते आणि उष्णतेने टोचलेले इन्सुलिन रक्तात लवकर उतरते. दोनच्या सुमारास हा मित्र चॉकलेटच्या बिलाच्या वाटणीवरून आमच्यावर चक्क ओरडला. एरवी इतका शांत माणूस! मलाही राग आला. त्याचा शर्ट घामाने भिजला होता, पण भिजलेले तर आम्ही सगळेच होतो. दमला असेल म्हणून मी लक्ष दिले नाही. दहा मिनिटांनी त्याने विचारले, ‘‘आपली एसटी किती वाजता आहे?’’

बाकीचे दोघे हसले. माझ्या पोटात गोळा आला.

रक्तातील साखर ७०च्या खाली गेली की घाम, थरथर, धडधड, कडकडून भूक अशी लक्षणे दिसतात. आणखी उतरली की मेंदूला पुरत नाही. मग चिडचिड, असंबद्ध बोलणे आणि शेवटी बेशुद्धी. यंत्र हॉटेलात होते. अशा वेळी मोजण्यासाठी थांबायचे नसते, साखर द्यायची असते. एकाने धावत जाऊन थंड पेयाचा डबा आणला, तो नेमका बिनसाखरेचा! ‘‘अरे, त्याला डायबेटिस आहे ना?’’ सिंगापुरात जास्त साखरेच्या पेयांवर ‘सी’ किंवा ‘डी’ हे अक्षर छापणे २०२२च्या अखेरीपासून सक्तीचे आहे. आम्हाला त्या घटकेला ‘डी’च हवे होते. पिशवीत दोन किलो चॉकलेट होते, पण त्यातील स्निग्धांशामुळे साखर रक्तात सावकाश जाते. शेवटी चहावाल्याकडून साखर मागून घेतली, भरून तीन चमचे, म्हणजे साधारण १५ ग्रॅम, आणि पाण्यात विरघळवून पाजली. त्याला गिळता येत होते म्हणूनच हे केले. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काहीही घालू नये, ते श्वासनलिकेत जाते. त्याला कुशीवर वळवून रुग्णवाहिका बोलवावी. आपल्याकडे १०८, तिथे ९९५.

ती पंधरा मिनिटे फार लांब वाटली. मग त्याने स्वतःच रुमालाने तोंड पुसले आणि म्हणाला, ‘‘भूक लागलीय रे.’’ लगेच इडली-सांबार आणि भात खायला घातला. साखरेच्या पाण्याने आलेली हुशारी टिकत नाही, वर अन्न लागतेच.

चांगी विमानतळावर रांग खोळंबवून त्याची मोठी बॅग उघडायला लावली आणि इन्सुलिन, यंत्र, औषधांची चिठ्ठी हातातल्या पिशवीत घेतली. सामानाच्या कप्प्यात इन्सुलिन गोठू शकते आणि एकदा गोठलेले, वितळले तरी वापरू नये. संध्याकाळची सुई तो विमानात चढण्यापूर्वीच घेणार होता. मी म्हटले, जेवणाचा ट्रे दिसल्याशिवाय नाही. बरे झाले, कारण विमान तासभर उशिरा सुटले.

ट्रे आला, सुई झाली. पोळीचा तुकडा मोडता मोडता त्याने हळूच विचारले, ‘‘एसटीचं मी खरंच विचारलं का रे?’’